'हम्बल'मध्ये 'ब' आहे, मग 'ह्युमिलिटी'मध्ये का नाही?

अक्षरवेल
नम्र या अर्थाचा इंग्रजी शब्द 'हम्बल' आणि नम्रता या अर्थाचा 'ह्युमिलिटी' एकाच घरातले. दोघांचं मूळ लॅटिन 'हुमिलिस', म्हणजे सखल, बुटका, जमिनीलगतचा. त्याच्याही मागे 'हुमुस', म्हणजे माती. इथवर कोणताही बरा कोश सांगतो. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. मूळ शब्दात 'ब' नाही. 'ह्युमिलिटी'त नाही, 'ह्युमिलिएट'मध्ये नाही. मग एकट्या 'हम्बल'मध्ये तो शिरला कसा? आणि 'खालच्या दर्जाचा' हा अर्थ असलेला शब्द सद्गुणाचं नाव कधी झाला? कोशातली एक ओळ नको, टप्प्याटप्प्याने उलगडून हवं आहे.

पाणिनीपंथी
'ब' तोंडात तयार होतो. करून बघा.

'म' म्हणताना ओठ मिटलेले असतात आणि नाकाची वाट उघडी असते. 'ल' म्हणताना जीभ वरच्या दातांमागे टेकते, ओठ उघडे असतात आणि नाकाची वाट बंद. म्हणजे 'म'वरून 'ल'वर जाताना दोन गोष्टी एकाच क्षणी व्हायला हव्यात : ओठ उघडणं आणि पडजीभ वर जाऊन नाकाची वाट बंद होणं. पडजीभ जराशी आधी वर गेली, की ओठ अजून मिटलेले, नाक बंद, आणि कंठात घोष, म्हणजे स्वरतंतूंचं कंपन, चालूच. या तीन गोष्टी एकत्र आल्या की निघणारा ध्वनी म्हणजेच 'ब'. 'हम्‌ल' हे पाचसहा वेळा भरभर म्हटलंत तर तुमच्याही तोंडून 'हम्ब्ल' येईल.

आता क्रम असा. 'हुमिलिस'मध्ये आघात, म्हणजे उच्चारातला जोर, पहिल्या अक्षरावर आहे. मधला 'इ' आघाताशिवायचा, म्हणून बोली लॅटिनमधून फ्रेंच घडताना तो गळला ('माणूस'चं 'माणसाला' होताना आपला 'ऊ' जातो, त्यासारखं). 'म' आणि 'ल' एकमेकांना भिडले आणि मध्ये 'ब' आला. इंग्रजीने हा शब्द तेराव्या शतकात फ्रेंचकडून घेतला तेव्हा 'ब' त्यात आधीपासूनच होता. इंग्रजांनी तो घातलेला नाही.

गोदाकाठ
+१. आणि हे आपल्याकडेही घडलेलं आहे, तेही नेमक्या त्याच जोडीत. संस्कृत 'अम्ल', पालीत 'अम्बिल', मराठीत 'आंबील' आणि 'आंबट'. 'म' आणि 'ल' भिडले, मध्ये 'ब' आला.

'ल'च्या जागी 'र' असला तरी तेच. 'आम्र'चा आंबा, 'ताम्र'चं तांबं आणि तांबडा. नंतर 'र' गेला आणि पाहुणा 'ब' घरचा होऊन बसला.

रानफूल
म्हणजे आंबा आणि 'हम्बल' एकाच आढीत पिकले म्हणायचे! 'आंबट'मधल्या 'ब'कडे असं कधी पाहिलंच नव्हतं. 'न'च्या बाबतीतही असं होतं का?

पाणिनीपंथी
होतं. 'न'नंतर 'र' आला की मध्ये 'द' येतो, कारण 'न' आणि 'द' यांची जिभेची जागा एकच. 'वानर'चा हिंदीत 'बंदर' झाला. इंग्रजीत गडगडाटाचा जुना शब्द 'थुनोर', त्याचा 'थंडर' झाला. नियम सोपा आहे : मध्ये येणारं व्यंजन आधीच्या अनुनासिकाच्या जागेवरचंच असतं. 'म'नंतर 'ब', 'न'नंतर 'द'. 'म'नंतर 'द' आलेला दिसला, तर कारण दुसरीकडे शोधायचं.

इंग्रजीने स्वतःच्या घरातही 'म' आणि 'ल' यांच्यामध्ये 'ब' घातला आहे. शिवणकामात बोटात घालतात ते अंगुस्तान, म्हणजे 'थिम्बल'. जुन्या इंग्रजीत ते 'थ्यूमेल' होतं, 'ब'शिवाय. चपळ या अर्थाचा 'निम्बल'ही आधी 'नेमेल' होता.

जुनापुराणा
मूळ प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग राहिला. 'ह्युमिलिटी'त 'ब' का नाही? माझ्या मते उत्तर आघातात आहे. लॅटिन 'हुमिलितास', आणि वाक्यात बहुधा येणारं रूप 'हुमिलितातेम'. आघात 'ता'वर सरकला, मधला 'इ' टिकला, म्हणून 'म' आणि 'ल' भिडलेच नाहीत.

पाणिनीपंथी
जुनापुराणा, निष्कर्ष बरोबर आहे, कारण बरोबर नाही. 'म' आणि 'ल' भिडले नाहीत म्हणून 'ब' नाही, हे खरं. पण 'इ' आघातामुळे टिकला असं म्हणता येत नाही. सर्वसामान्यांच्या तोंडून घडलेल्या फ्रेंच शब्दांत आघाताच्या लगेच आधीचा स्वरसुद्धा गळतो. चांगुलपणा या अर्थाच्या 'बोनितातेम'चं 'बोंते' झालं, मधला 'इ' गेलाच. त्याच वाटेने गेला असता तर हाही शब्द आखूड झाला असता.

तो झाला नाही, कारण तो बाजारातून आला नाही, चर्चमधून आला. 'ह्युमिलिटी' हा धर्मोपदेशाचा शब्द. पाद्री तो लॅटिनमध्ये रोज वाचत, लिहीत, उच्चारत. त्यामुळे त्याचे स्वर शाबूत राहिले. आपण 'दूध' बोलतो पण 'दुग्धजन्य' लिहितो, त्यातला हा प्रकार. 'हम्बल' तद्भव, 'ह्युमिलिटी' जवळजवळ तत्सम.

जुनापुराणा
मान्य. 'बोंते'चं उदाहरण निरुत्तर करणारं आहे.

नाखवा
शेजारच्या भाषांतून पडताळा घेता येतो. इटालियनमध्ये 'ऊमिले' : मधला 'इ' टिकला, म्हणून 'ब' नाही. पोर्तुगीज आणि स्पॅनिशमध्ये 'उमिल्दे' : तिथेही 'इ' आहे, 'ब' नाही (शेवटचा 'द' मात्र नंतरचा, बंडखोर या अर्थाच्या 'रेबेल्दे'ची सावली पडून आलेला मानतात). स्वर गळला तिथेच 'ब' आला, म्हणजे फ्रेंचमध्ये.

स्पॅनिशमध्ये हीच गोष्ट दुसऱ्या शब्दात दिसते. माणूस या अर्थाचं लॅटिन 'होमिनेम', मधला 'इ' गळून 'होम्ने', मग 'होम्रे', आणि शेवटी 'ओम्ब्रे'. पोर्तुगीज मात्र 'ओमें'वरच थांबली. आणि हा 'होमो' शब्द 'हुमुस'चाच सख्खा मानला जातो. माणूस म्हणजे मातीवरचा, आकाशातल्या देवांहून वेगळा.

तिखटमीठ
'हम्बल पाय'बद्दल कुणीच कसं बोललं नाही? माघार घेऊन माफी मागणं याला इंग्रजीत 'हम्बल पाय खाणं' म्हणतात. हा 'पाय' म्हणजे पिठाच्या आवरणात सारण भरून भाजलेला पदार्थ, आणि तो नम्रतेचा नाही, हरणाच्या आतड्या-काळजाचा आहे.

अक्षरवेल
तिखटमीठ, सविस्तर लिहा ना. यातला 'हम्बल' वेगळा शब्द आहे एवढंच वाचलं होतं.

तिखटमीठ
पूर्ण वेगळा. लॅटिन 'लुम्बुस' म्हणजे कंबर. कंबरदुखीच्या 'लम्बॅगो'त तोच आहे. त्याचं लघुरूप 'लुम्बुलुस'. फ्रेंचमध्ये एका शब्दात दोन 'ल' जड झाले, पहिल्याचा 'न' झाला आणि शब्द झाला 'नोम्ब्ल'. इंग्रजीत 'नम्बल्स'. अर्थही सरकत गेला : आधी कमरेकडचं मांस, नंतर शिकारीच्या जनावराचं काळीज, हृदय, गुर्दे आणि वजडी.

मग सुरुवातीचा 'न' गेला. इंग्रजीत स्वराने सुरू होणाऱ्या शब्दाआधी 'ॲन' येतो आणि व्यंजनाआधी 'अ'. ऐकताना 'अ नम्बल' की 'ॲन अम्बल' हे कळत नाही. असाच 'नॅपरन'चा 'एप्रन' झाला आणि 'नॅडर' या सापाचा 'ॲडर'. 'नम्बल्स'चे 'अम्बल्स' झाले, त्यांचा 'अम्बल पाय'.

१३९०च्या सुमाराच्या 'फॉर्म ऑफ क्युरी' या इंग्रज राजवाड्यातल्या पाककृतींच्या संग्रहात 'नम्बल्स'ची कृती आहे. हरणाचे किंवा दुसऱ्या जनावराचे नम्बल्स अर्धवट उकडून फाशांसारखे चौकोनी तुकडे करायचे. त्याच पाण्यात पाव वाटून घालायचा. व्हिनेगर आणि वाइन सढळ हाताने. कांदे वेगळे अर्धवट उकडून बारीक चिरून घालायचे. रंगासाठी रक्त, वरून तिखट मसाल्याची पूड आणि मीठ, आणि चांगलं उकळायचं. हा पाय नाही, रस्सा आहे. पायात भरण्याची रीत नंतरची. पाव दाटपणासाठी, आपण रश्शाला वाटण लावतो तसा. व्हिनेगर आणि वाइन भरपूर का, ते वजडी शिजवणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

गोदाकाठ
एक दुरुस्ती नाही, पण इशारा. 'एप्रन'च्या यादीत बहुतेक जण 'ऑरेंज'ही घालतात. मूळ संस्कृत 'नारङ्ग', फारसी-अरबी वाटेने 'नारंज', आपल्याकडे 'नारिंग'. 'न' गेला हे खरं, पण तो इंग्रजीत गेलेला नाही. इटली-फ्रान्सकडेच, तिथल्या 'उन', 'उना' या (इंग्रजी 'ॲन'सारख्या) उपपदांत मिसळून गेला. इंग्रजीत फळाचं नाव आलं तेच 'न'शिवाय.

जुनापुराणा
'हम्बल पाय'बद्दल एक गोष्ट सर्रास सांगितली जाते : धनी हरणाचं मांस खाई आणि नोकरांना अम्बल पाय मिळे, म्हणून तो अपमानाचा पदार्थ. एवढं साधं ते नाही. सॅम्युएल पीप्स हा लंडनच्या नौदल कचेरीतला बडा अधिकारी. त्याच्या रोजनिशीत ५ जुलै १६६२ ला अम्बल्स पायात भाजल्याची नोंद आहे. ८ जुलै १६६३ ला एक ओळखीची बाई भट्टीतून काढलेला गरमागरम अम्बल पाय घेऊन आली आणि तो फारच उत्तम होता, असं तो लिहितो. अपमानाचा मागमूस नाही.

'माफी मागणे' हा अर्थ एकोणिसाव्या शतकातला. तोवर 'अम्बल्स' हा शब्द विसरला जात होता आणि त्याचा उच्चार 'हम्बल'शी जुळत होता. श्लेष आधी, नोकरांची गोष्ट मागाहून जोडलेली, असं मला वाटतं.

रानफूल
उच्चार जुळत होता म्हणजे कसा? एकात 'ह' आहे, दुसऱ्यात नाही.

नाखवा
तेव्हा 'हम्बल'मधलाही 'ह' बोलत नसत, म्हणून जुळत होता. लॅटिनचा 'ह' बोलीतून फार लवकर गेला. फ्रेंचमध्ये तो उच्चारात नव्हता, जुन्या हस्तलिखितांत 'उम्ब्ल' अशी रूपंही सापडतात. नंतर लॅटिनकडे बघून 'ह' पुन्हा लिहू लागले. इंग्रजीत लिहिण्यात 'ह', बोलण्यात 'अम्बल'. तास, प्रामाणिक, मान आणि वारस या अर्थाच्या इंग्रजी शब्दांत तो 'ह' आजही मुका आहे, 'आवर', 'ऑनेस्ट', 'ऑनर', 'एअर'. तेही सगळे फ्रेंचकडून आलेले.

१७९१ मध्ये जॉन वॉकरने उच्चारकोश काढला. मुका 'ह' असलेल्या मोजक्या शब्दांची यादी त्यात आहे आणि 'हम्बल' तिच्यात आहे. 'हॉस्पिटल' आणि 'ह्यूमर'ही आहेत. नंतर साक्षरता वाढली, लोक अक्षर बघून उच्चार करू लागले आणि या तिघांत 'ह' वाजू लागला. डिकन्सच्या १८४९-५० मधल्या 'डेव्हिड कॉपरफील्ड'मध्ये कपटी युराया हीप सारखा 'अम्बल, अम्बल' म्हणत राहतो. 'ह' गाळून छापला की वाचकाला ते खटकावं, इतका उच्चार तोवर पालटत आला होता.

बायबलच्या १६११च्या इंग्रजी भाषांतरात 'हम्बल'आधी 'अ' न येता 'ॲन' येतो, तो याच मुक्या 'ह'मुळे. जुनं छापील इंग्रजी वाचताना 'ॲन हम्बल' दिसलं तर ती चूक समजू नका.

मातीचेपाय
क्षमस्व, उशिरा आलो. 'हुमुस' आणि आपली 'भूमी' एकच ना? हुम, भूम. अर्थही तोच.

पाणिनीपंथी
नाही. अर्थ एक, आवाज जवळचा, तरीही नातं नाही. 'भूमी' ही 'भू' धातूवरून : होणे, असणे. त्याची इंग्रजी बहीण 'बी', लॅटिन बहीण 'फुई'. संस्कृतच्या शब्दारंभीच्या 'भ'समोर लॅटिनमध्ये 'फ' येतो. 'भ्राता'समोर 'फ्रातेर', 'भरति'समोर 'फेर्त'. 'भूमी'चा लॅटिन जोडीदार असता तर तो 'फ'ने सुरू झाला असता.

'हुमुस'चं खरं नातं संस्कृत 'क्षम्', 'क्ष्मा' यांच्याशी आहे. अमरकोशात पृथ्वीच्या नावांत 'क्ष्मा' आहे. ग्रीकमध्ये 'ख्थोन', रशियनमध्ये 'झेमल्या', लिथुआनियनमध्ये 'झेमे'. आणि फारसीत 'जमीन'.

रानफूल
आपली सातबाऱ्यावरची जमीन?

पाणिनीपंथी
तीच. मराठीत फारसीतून आलेली 'जमीन' आणि इंग्रजीतला 'हम्बल' एकाच मूळ धातूचे. लॅटिनचा 'ह' आणि इराणी भाषांचा 'झ' यांची जोडी नियमित आहे. पडताळा हिवाळ्यावरून घ्या : लॅटिन 'हिएम्स', संस्कृत 'हिम', फारसी 'जमिस्तान'. नुसत्या आवाजाच्या साम्यावर जाऊ नये ते यासाठीच. 'भूमी' जवळची वाटते आणि नात्यात नाही, 'जमीन' परकी वाटते आणि सख्खी आहे.

मातीचेपाय
मग 'क्षमा'ही यातच? पृथ्वी सहन करते, क्षमा करणारा नम्र असतो. सगळं जुळतं!

गोदाकाठ
मातीचेपाय, इथे जपून. 'क्षमा'चा अर्थ पृथ्वी असाही कोशांत मिळतो, पण 'माफी' या अर्थाची 'क्षमा' धातुपाठातल्या सहन करणे या अर्थाच्या 'क्षम्'वरून सांगतात. हे दोन 'क्षम्' मुळात एक की वेगळे, यावर एकमत नाही. पृथ्वीला 'सर्वंसहा' म्हणतात हा सुंदर विचार आहे, पण विचार जुळला म्हणून व्युत्पत्ती जुळत नाही.

याच जातीचे आणखी फसवे शब्द : विनोद या अर्थाचा 'ह्यूमर' आणि दमट या अर्थाचा 'ह्यूमिड' हे 'हुमुस'चे नाहीत. त्यांचं मूळ ओलाव्याचं 'उमोर', 'ह' मागाहून 'हुमुस'कडे बघून चिकटला. काबुली चण्याचं 'हम्मस' अरबी. आणि 'हम्बल-बी' नावाचा गुबगुबीत भुंगा, ज्याला आज 'बम्बल-बी' म्हणतात, तो नम्र नसून गुणगुणणारा आहे. डार्विनने १८५९च्या ग्रंथात लाल क्लोव्हरच्या परागीकरणाबद्दल लिहिताना 'हम्बल-बी' असंच लिहिलं आहे.

उलट न दिसणारे नातेवाईक : ग्रीक 'खमाई' म्हणजे जमिनीवर. त्यावरून 'कमिलिअन', जमिनीवरचा सिंह, आपला सरडा. आणि 'कॅमोमाइल', जमिनीवरचं सफरचंद. पुरलेलं उकरून काढणं, 'एक्झ्यूम', त्यात तर थेट 'हुमुस'च आहे.

अक्षरवेल
एवढं हाती लागेल असं वाटलं नव्हतं. आता अर्थाबद्दल कुणी लिहील का? सद्गुण कधी झाला?

शांतिपर्व
लॅटिनमध्ये ख्रिस्तपूर्व काळात 'हुमिलिस' हे कौतुक नव्हतं. झाडाबद्दल बुटकं, प्रदेशाबद्दल सखल. व्हर्जिलच्या महाकाव्यात समुद्रावरून पहिल्यांदा दिसणारी इटली 'हुमिलिस' आहे, क्षितिजाला टेकलेली. माणसाबद्दल म्हटलं तर हलक्या कुळातला, क्षुद्र मनाचा. रोमन सरदाराला 'हुमिलिस' म्हणणं शिवी ठरली असती.

वळण आणलं ख्रिस्ती लॅटिनने. ग्रीक नव्या करारात 'तापेइनोस' हा शब्द आहे. त्याचाही जुना अर्थ दबलेला, हलका असाच. त्याला लॅटिनमध्ये 'हुमिलिस' हा प्रतिशब्द लागला, आणि चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने सिद्ध केलेल्या लॅटिन बायबलमध्ये तोच आहे. येशूची आई मेरी हिच्या स्तोत्रात देवाने आपल्या दासीची 'हुमिलितास' पाहिली असं येतं. तिथे अर्थ नम्रता की हीन स्थिती? १६११च्या इंग्रजी भाषांतराने 'खालची स्थिती' असा अर्थ धरला. त्याच स्तोत्रात पुढे 'हुमिलेस' लोकांना वर उचललं असं आहे, तिथेही 'खालच्या पायरीचे' असंच भाषांतर केलं. म्हणजे शब्द सद्गुण होत असतानाही जुना अर्थ त्याच्या अंगात जिवंत होता. ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टिनने नम्रतेला धर्मजीवनाचा पाया मानलं, आणि सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठवाशांसाठी लिहिलेल्या नियमांच्या सातव्या प्रकरणात तिच्या १२ पायऱ्या मांडल्या. चढायचं खाली उतरून.

आजच्या इंग्रजीत दोन्ही थर आहेत. 'हम्बल' स्वभाव म्हणजे सद्गुण. 'हम्बल' घर म्हणजे गरिबाघरचं. मराठीत दुसऱ्या ठिकाणी 'नम्र' चालत नाही, 'नम्र घर' कुणी म्हणणार नाही. भाषांतर करताना तिथे 'साधं' किंवा 'गरिबीचं' घ्यावं लागतं. कारण 'नम्र' निघाला 'नम्' धातूवरून, वाकण्यावरून. वाकणं ही माणसाची कृती आहे, सखल असणं ही जागेची स्थिती.

नाखवा
शांतिपर्व, पुरवणी जोडतो. १०६६ मध्ये फ्रान्समधून फ्रेंच बोलणारे नॉर्मन येण्याआधी इंग्रजीत स्वतःचा शब्द होता, 'एआथमोद'. 'एआथ' म्हणजे सहज आणि 'मोद' म्हणजे मन, तोच आजचा 'मूड'. सहज मनाचा, आढेवेढे नसलेला. फ्रेंच शब्दापुढे तो मागे पडत गेला. दुसरा प्रतिस्पर्धी होता 'मीक', उत्तरेकडच्या नॉर्स लोकांच्या 'म्यूकर'वरून, अर्थ मऊ. तो टिकला, पण त्यात दुबळेपणाची छटा आली. जर्मनांनी मात्र आपला जुना 'देमूट' सोडला नाही. त्यात सेवक आणि मन असे दोन शब्द आहेत.

सहजपणा, मऊपणा, सेवकपणा, माती. एका गुणाला चार वाटांनी पोचलेले शब्द. आपला 'विनय' पाचव्या वाटेचा, वि अधिक 'नी', वळण लावणे.

रानफूल
'ब'वर परत येते. अंगठ्याच्या 'थम'मध्ये शेवटी 'ब' लिहितात, तोही असाच आला का? 'थिम्बल' त्याचाच नातलग ना?

पाणिनीपंथी
नातलग आहे, पण त्यातला 'ब' तसा आलेला नाही. जुन्या इंग्रजीत अंगठा 'थूमा'. इथे 'म'पुढे 'ल' किंवा 'र' नाही, म्हणून तोंडात 'ब' तयार व्हायला कारणच नाही. कोकरू या अर्थाच्या 'लॅम'मध्ये 'ब' खरा होता आणि आधी बोलतही असत. शब्दाच्या शेवटचा हा 'ब' उच्चारातून गेला, लिहिण्यात राहिला. मग 'म'ने संपणाऱ्या दुसऱ्या शब्दांनाही लिहिणाऱ्यांनी 'ब' जोडला. अंगठा, अवयव या अर्थाचा 'लिम' आणि पावाचा चुरा या अर्थाचा 'क्रम', तिघांना तो असा मिळाला.

'थिम्बल'चा 'ब' तोंडातून कागदावर गेला, अंगठ्याचा कागदावरच जन्मला. या दोघांपुरती खूण सोपी : उच्चारात वाजतो का बघा.

रानफूल
वाजवून पाहिला. अंगठ्यात मुका, अंगुस्तानात वाजतो. धन्यवाद!